टेकाडावरचे दोन रांजण

नव्या माठात पहिलं पाणी ओतलं की वास सुटतो, आणि मला बेलापूरजवळचं ते नदीकाठचं टेकाड आठवतं. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता, मी कॉलेजात होते. टेकाडावर हजारो वर्षांपूर्वीच्या वस्तीचं खोदकाम चाललं होतं, आणि वहिनीला मी हट्टाने ते बघायला नेलं, कारण तेव्हा एका कादंबरीने मला पार झपाटलं होतं. परग्रहावरचे लोक गुपचूप येऊन आदिमानवाला शेती, घरं, भांडी सगळं शिकवून जातात, अशी ती गोष्ट वाटभर मी वहिनीला ऐकवली. पोचलो तेव्हा एका घराच्या जमिनीखाली, चुलीशेजारी, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले दोन रांजण सापडले होते; एकाची वरची बाजू फुटलेली होती. "वहिनी, बघा, यात त्यांचं यंत्रच असणार!" असं म्हणत मी वाकले, तर आत तान्ह्या बाळाची हाडं. मी किंचाळून मागे सरले. वहिनी मात्र तिथेच खाली बसली. "घरातच ठिवलंय की हो, वन्सं, चुलीपाशी," ती म्हणाली. "माझं कुठं पुरलं, ते मला अजून कुनी सांगितलं न्हाई." तिचं पहिलं बाळ बारशाआधीच गेलं होतं. ते गडीमाणसांनी नेलं. बायांनी मागे जायचं नाही आणि विचारायचंही नाही, ही आमच्याकडची रीत. ती कादंबरी मी पुन्हा उघडली नाही. आज माठ भरताना वाटतं, शेती, भांडी त्या आकाशातल्या लोकांनी शिकवली असतीलही. पण आईला तिच्या लेकराची जागा सांगायची नाही, हे आम्हाला कोण येऊन शिकवून गेलं?