ही इजा मी करून घेतलेली नाही

“हात वर कर. मागच्यांनाही दिसू दे,” सुपरवायझर म्हणाला.

मी उजवा हात वर केला. पट्टीखाली दोन बोटे अर्ध्यावरच संपत होती. शेडमध्ये तेलाचा आणि तापलेल्या पत्र्याचा वास होता. चाकणजवळच्या त्या कारखान्यात जखमी कामगार परतला की शिफ्टच्या तोंडावर त्याला सगळ्यांपुढे उभे करत. त्याने म्हणायचे, ‘ही इजा मी स्वतः करून घेतली.’ म्हणजे कारखान्याला भरपाई द्यायला नको. मग टाळ्या. मग मशीन सुरू.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारले होते, “कसं झालं?” मी तोंड उघडण्याआधीच सुपरवायझर म्हणाला, “सेल्फ-इन्फ्लिक्टेड, सर.”

अर्थ नर्सने सांगितला. स्वतःला मुद्दाम दुखावणे. जीव नकोसा झालेली माणसे करतात तसे. सांगता सांगता तिची नजर माझ्या मनगटांवर गेली. हळूच म्हणाली, “घरी काही त्रास आहे का गं?”

कारखान्याजवळच्या कुरुळी गावातल्या माझ्या खोलीवर तो शब्द माझ्याआधी पोचला होता. घरमालकीण माझी विळी उचलून घेऊन गेली. “पोरी, माझ्या घरात काय करून घिऊ नगं बाई.” शेजारणी दारावरून जाताना आवाज उतरवू लागल्या. गावाकडून आईचा फोन आला. ती नुसती रडली. मी भाकरी डाव्या हाताने मोडत होते, आणि भिंतीपलीकडच्या कुकरची शिट्टी एवढीच काय ती सोबत.

त्या शब्दामागचे दुःख खरे असते. ज्यांचे आहे, त्यांना माया मिळायला हवी. माझ्यावर मात्र तो खोटेपणाने लादला होता.

“म्हण ना गं,” शेडमध्ये शेजारी उभी असलेली मैत्रीण पुटपुटली. “नोकरी तरी राहील.”

मी म्हणाले, “पत्रा दाबणाऱ्या या प्रेसला दोन बटणं आहेत. दोन्ही हात बटणांवर असले तरच प्रेस खाली यावी, म्हणून. त्यातलं एक तुम्ही तारेनं बांधून ठेवलं होतं. माल लवकर निघावा म्हणून.”

“लई बोलायला लागली! हात तुझाच होता ना?” सुपरवायझर ओरडला.

“हात माझा होता. तार तुमची.”

टाळी वाजली नाही. मान कोणी वर केली नाही. मैत्रिणीनेही नाही. जेवणाच्या सुट्टीआधी माझा गेटपास काढून घेतला गेला.

आता खोलीत दिवसभर उजेड सरकताना पाहते. साक्षीला कोणी येणार नाही, हे धरूनच मी तक्रार लिहायला घेतली आहे. अक्षरे वाकडी पडतात, डावा हात अजून कच्चा आहे. लिहून देतो म्हणणारे भेटले. मी नको म्हटले. कामगार कार्यालयात ते मला पुन्हा विचारतील, कारखान्याची माणसे पुन्हा तोच शब्द पुढे करतील. मी तो दर वेळी खोडीन. दुसऱ्यांनी केलेल्या इजेला मी माझे नाव देणार नाही.