सर्वसंमतीचं थालीपीठ

घाडगेकाकू पाणी मंडळाच्या बैठकीत मांडी घालून बसत. खुर्च्या फिरत्या, चाकांच्या, पाठीला गादी असलेल्या. बाकीचे सभासद त्यांत रेलून, एका हातानं फोन कुरवाळत बसत. काकू आधी चपला काढून टेबलाखाली जोडीनं ठेवत, साडी सावरत आणि मग खुर्चीत मांडी ठोकत. त्या धक्क्यानं खुर्ची गिरकी घेई, काकूंचं तोंड भिंतीवरच्या नकाशाकडे होई, आणि टेबलाची कड धरून त्या स्वतःला पुन्हा अध्यक्षांसमोर आणत. अध्यक्ष ढिल्लोंसाहेब तोवर विषय सुरू करत नसत. ते मोठे सरकारी अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते आणि थांबण्याची त्यांना चांगली सवय होती.

हे मंडळ चंदीगडला खेटून असलेल्या एका छोट्या शहराचं. नाव सांगत नाही, कारण माझी तिथे अजून उठबस आहे आणि चहा बरा मिळतो. मी चंदीगडात राहतो, नोकरी मोहालीत. आमची कंपनी या मंडळाचं ऑनलाइन काम बघते. बैठकीत लॅपटॉप उघडून जे ठरेल ते टाइप करायचं, हे त्याच कामातलं एक शेपूट माझ्या वाट्याला आलं. पहिल्या दिवशी माझं आडनाव ऐकताच काकूंनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"गाव कुठलं?"

"जळगाव."

"म्हंजी तिखट खात असशील. बस हितं माझ्याजवळ. कुणी खरं बोलायला लागलं की मला कोपरानं ढोसायचं. मी तवर जरा डोळा लावते."

त्या दिवशी ढोसायची वेळ आली नाही.

काकू मूळच्या साताऱ्याकडच्या. यजमान फौजेत सुभेदार मेजर. शेवटचं पोस्टिंग इकडचं, म्हणून इथेच एक फ्लॅट घेतला, तिसऱ्या म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर. पुढे यजमान गेले, काकू राहिल्या. मंडळावर त्या कशा आल्या, याची गोष्ट मंडळाला साजेशीच आहे. नियमाप्रमाणे एक महिला हवी होती, एक सामान्य ग्राहक हवा होता आणि एक माजी सैनिकाच्या घरातलं कुणी हवं होतं. तिन्ही नियम एकाच खुर्चीत बसतात हे कुणाच्या तरी ध्यानात आलं. दोन खुर्च्या वाचल्या. ही बाई काही बोलेल, असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आता मंडळ निर्णय कसे घेतं ते सांगायला हवं. मतदान तिथे कधीच होत नसे. हात वर करून मतं मोजणं म्हणजे घरातली भांडणं गल्लीत नेणं, असं ढिल्लोंसाहेब मानत. सगळं सर्वसंमतीनं. ही संमती तयार होई सकाळी सुखना तलावावर. सभासद गाड्या काढून तिथे फिरायला येत आणि फेरी मारता मारता महिन्याचे विषय उरकत. बैठकीत ढिल्लोंसाहेब "पक्का जी" म्हणाले की काम झालं. "देखते हैं जी" म्हणाले की नाही झालं. आणि "कमेटी बना देते हैं" म्हणाले की तो विषय पुन्हा काढणं शिष्टाचाराला धरून नसे. शेवटी पनीरची भजी येत. ती आली की 'आयत्या वेळचे विषय' पुकारले जात आणि त्यांत काहीही पुकारलं तरी माना डोलत, कारण तोंडं भरलेली असत.

हे काकूंनी दोन-तीन बैठकांतच हेरलं. मला म्हणाल्या, "निर्णय समदा भज्यांत हाय, लेका. आधीचं नुसतं तेल तापवायचं काम."

काकूंचा स्वतःचा विषय एकच होता. उन्हाळ्यात सकाळी त्यांच्या मजल्यावर नळाला पाणी चढत नसे. नळ सोडला की आधी सुस्कारा येई, मग थेंबभर पाणी, मग तेही नाही. कारण सगळ्यांना माहीत होतं. शहराच्या वरच्या अंगाला कोठ्या, म्हणजे बागबगिच्याचे बंगले. तिथली हिरवळ नेमकी सकाळी पाणी प्यायची, तेही पिण्याचंच. लॉनची तहान भागून उरेल ते खाली यायचं आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत त्याचा दम पोचायचा नाही. काकू खालच्या नळावरून बादल्या भरून वर नेत. गुडघे कुरकुरत होते. पुण्याचा मुलगा दर रविवारी फोनवर एकच पालुपद लावी, "आई, पाणीसुद्धा मिळत नाही तिथे. पुढच्या उन्हाळ्याआधी फ्लॅट विकू, तू इकडे ये."

काकूंना जायचं नव्हतं. रविवारी गुरुद्वाऱ्यात रोट्या लाटायची सेवा होती, जिन्यात गप्पांचा अड्डा होता, बँकेतला मॅनेजरसुद्धा त्यांना "आंटीजी, चाय?" विचारी. "पोराच्या घरी मी पाव्हणी," त्या म्हणत. "हितं मी मालकीण. फकस्त नळानं साथ द्याय पायजे." काकूंचं तिथलं राहणं त्या एका नळावर टांगलेलं होतं.

एका बैठकीत भजी येताच त्यांनी विषय काढला: सकाळी लॉनला पाणी घालायला बंदी करावी. 'लॉन' हा शब्द कानी पडताच चालते जबडे थांबले. काकू आणि मी सोडून तिथे बसलेल्या प्रत्येकाला लॉन होतं. मंडळाचे अभियंता बन्सलजी, त्यांनाही सरकारी घरासमोर छोटं का होईना, होतं. ते म्हणाले, "मैडम, पानी तो हम पूरा छोड़ते हैं. ऊपर नहीं चढ़ता तो आप मोटर लगा लीजिए."

काकूंची हिंदी म्हणजे साताऱ्याचीच मराठी, फक्त गणवेश घातलेली. त्या उसळून म्हणाल्या, "साहब, आड में ही नहीं तो पोहरे में कहाँ से आएगा?"

ढिल्लोंसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आड म्हणजे विहीर, पोहरा म्हणजे बादली, असं मी समजावलं. त्यांना एकदम हलकं वाटलं असावं. "कुएँ का सुझाव अच्छा है जी," ते म्हणाले. "कमेटी बना देते हैं." अशा रीतीनं शहरात जुन्या विहिरी आहेत का, हे शोधायला एक समिती नेमली गेली. ती अजून आहे. विहीर सापडलेली नाही.

मी काकूंना घरी सोडायला गेलो तेव्हा वाटेत त्या हसत होत्या, पण जिन्यात पहिल्या मजल्यावर भिंतीला धरून थांबल्या तेव्हा मला त्यांचा चेहरा दिसला. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "काकू, सोडा आता." त्या म्हणाल्या, "सोडते की. पर आधी त्यास्नी जेवाय घालते."

पुढची बैठक त्यांनी आपल्या घरी बोलावली. बैठक शहरात कुठेही घेता येते, असा नियम होताच. जूनमधली सकाळ. फेरी मारून थेट या, आंघोळ नंतर करा, नाश्ता माझ्याकडे. बेत मला आदल्या दिवशी कळला. भाजणीचं थालीपीठ, त्यावर लोण्याचा गोळा, बाजूला लसणाची ओली चटणी. चमचे लपवून ठेवलेले. "कोपरापातूर हात माखले पायजेत," काकू म्हणाल्या. "मग म्हणायचं, बेसिन तिकडं हाय, साहेब. घरात एक बादली ठेवायची न्हाई. बगू मग लॉन मोठं का हात मोठं."

सभासद धापा टाकत तीन मजले चढून आले. "वाह जी, मराठी परांठा!" म्हणत ढिल्लोंसाहेबांनी तीन रिचवली. हात माखले, मनगटं माखली. काकूंनी अगदी नम्रपणे बेसिनकडे बोट दाखवलं. ढिल्लोंसाहेब उठले. नळ सोडला.

आणि पाणी आलं. नुसतं आलं नाही, तोटीचा खटका उडवून आलं. ढिल्लोंसाहेबांच्या पांढऱ्या कुर्त्यावर, चष्म्यावर, भिंतीवरच्या सुभेदार मेजरसाहेबांच्या फोटोवर. बन्सलजी दारात छाती फुगवून उभे. खुद्द अध्यक्ष तिसऱ्या मजल्यावर येणार म्हटल्यावर त्यांनी पहाटेच माणसं पाठवून कोठ्यांकडचे व्हॉल्व्ह आवळून ठेवले होते. साहेब जिथे जातील तिथे आधी सगळं ठाकठीक करून ठेवायचं, हे त्यांच्या नोकरीच्या हाडामासात होतं. सभासदांनी टाळ्या वाजवल्या. "प्रेशर तो एकदम फर्स्ट क्लास है जी!" कुणीतरी म्हणालं, "आंटीजी यूँ ही घबराती हैं."

काकू ओट्याला टेकून उभ्या होत्या. त्यांचं तोंड उतरलं. आता पुणं टळत नाही, असं मला स्पष्ट वाटलं. त्यांनी एकदा नळाकडे पाहिलं, एकदा बन्सलजींकडे पाहिलं, आणि मग तव्यावर नवं थालीपीठ थापलं.

ते सगळ्यांच्या पानांत पडलं आणि पहिला घास तोंडात गेला, तशा काकू हात जोडून उभ्या राहिल्या. "अध्यक्षजी, आयत्या वेळ का एक विषय. आज बन्सलजी ने चमत्कार किया. आप लोगों के पाँव लगे तो पानी चढ़ा. ये मान अकेली मुझको क्यों? गर्मियों में कभी भी, कोई भी एक मेंबर, शहर की किसी भी आखरी मंज़िल पर नाश्ते को जाए. कौन सी बिल्डिंग, वो उसी सुबह चिट्ठी निकाल के ठरेगा. आधी सांगितलं तर बिचाऱ्या बन्सलजींना त्रास होतो." शेवटचं वाक्य मराठीतच निघालं. मी भाषांतर केलं नाही.

यात लॉनचा उल्लेख नव्हता. मेंबरांचा गौरव होता, बन्सलजींचं कौतुक होतं, नाश्ता होता. तोंडं भरलेली होती. माना डोलल्या. "पक्का जी," ढिल्लोंसाहेब घासाआडून म्हणाले. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन टाइप केलं: सर्वसंमतीनं मंजूर. फक्त बन्सलजींचा घास हातातच राहिला. त्यांनी जन्मभर नळच सांभाळले असल्यानं आपल्यावर काय कोसळलं ते त्यांना एकट्यालाच कळलं होतं.

कारण आता कुठली इमारत हे पहाटे कळणार नव्हतं, आणि वरिष्ठ सभासद माखलेल्या हातांनी कोरड्या नळाखाली उभा राहिला तर काय, या धास्तीनं त्यांना रोज सकाळी सगळ्याच वरच्या मजल्यांवर पाणी चढवावं लागलं. त्यासाठी त्यांनी कोठ्याकोठ्यांतून फिरून विनवण्या केल्या, "सर, लॉन शाम को, प्लीज." बंदी कुणी केली नाही, लॉनचा ठराव झाला नाही, आणि हिरवळी संध्याकाळी पाणी प्यायला लागल्या.

महिन्याभरानं ढिल्लोंसाहेबांनी तो नाश्त्याचा ठराव मागे घ्यायचा विषय काढला. लोकांच्या घरी असं अवेळी जाणं बरं दिसत नाही, म्हणाले. पण मागे घ्यायचा तर सर्वसंमती हवी. सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी खुर्ची सावकाश एक पूर्ण फेरी फिरवली आणि म्हणाल्या, "देखते हैं जी. कमेटी बना देते हैं. मैं अध्यक्ष." ढिल्लोंसाहेब आधी गोरेमोरे झाले, आणि मग इतके हसले की चहा बशीत सांडला. त्या दिवसापासून ते काकूंच्या पक्षात गेले. चिठ्ठी कुणाचीही निघो, आठवड्यातून एकदा त्यांची गाडी काकूंच्या दाराशी लागू लागली. थालीपिठाला ते आता 'थालीपीठ' म्हणत, तेही बऱ्यापैकी.

पुण्याच्या मुलाला काकूंनी फोनवर नळाचा आवाज ऐकवला. त्यानं पुढे काही उन्हाळे तो विषय काढला नाही.

पण गुडघ्यांनी कुणाचा ठराव जुमानला नाही. आधी गुरुद्वारा सुटला, मग जिन्यातला अड्डा, मग बैठका. लिफ्ट बसवायला तळमजल्याचे लोक तयार होईनात. एकदा मी भेटायला गेलो तर काकू पलंगावर बसून स्वयंपाकघरातल्या पाण्याचा आवाज ऐकत होत्या. म्हणाल्या, "पाणी चढलं रे. आता मीच चढंना." एवढं बोलून त्या माझ्यासाठी चहा टाकायला निघाल्या आणि दोन पावलांवर थांबल्या. चहा मीच टाकला.

मुलगा न्यायला आला ती सकाळ या जूनमधली. सामान खाली गेलं होतं. काकूंना कसं उतरवायचं यावर दारात बरीच चर्चा चालली होती. मंडळाचे सभासदच जमले होते, त्यामुळे ती लांबली. कुणी स्ट्रेचर सुचवलं, कुणी आणखी माणसं बोलवू म्हणालं. शेवटी काकूंनी स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची मागवली, चपला काढून हातात घेतल्या आणि खुर्चीत मांडी ठोकली. "कमेटी नको आता," त्या म्हणाल्या. "उचला."

एका बाजूनं ढिल्लोंसाहेब, दुसऱ्या बाजूनं बन्सलजी, मागून मुलगा. पहिल्याच वळणावर ढिल्लोंसाहेब डावीकडे वळले आणि बन्सलजी उजवीकडे. खुर्ची कलली. काकू चपलांचा हात उंचावून ओरडल्या, "अरे, सर्वसंमति से! दोनों एक तरफ, नहीं तो मैं गई!" ढिल्लोंसाहेबांचे डोळे पाण्यानं भरले होते आणि दोन्ही हात अडकलेले, त्यामुळे पुसता येईनात. बन्सलजी दर पायरीला "आराम से, आंटीजी, आराम से" म्हणत होते.

मी कुलूप लावायला वर मागे राहिलो होतो. ते खाली पोचले, गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला आणि मग एकदम काकूंचा आवाज जिन्यातून वर आला.

"लेका, आत नळ चालू हाय. मला हितनं ऐकू येतंय."

मी आत गेलो. खरंच चालू होता; सामान हलवायच्या गडबडीत कुणीतरी तसाच सोडून गेलं असावं. रिकाम्या स्वयंपाकघरात, ऐन जूनच्या सकाळी, धो धो. मी बंद करायला हात पुढे केला आणि तसाच उभा राहिलो.

"मेल्या, बोर्डाचा माणूस ना तू?" काकू खालून ओरडल्या. "पाणी वाया चाललंय. बंद कर की!"

मी नळ बंद केला.