मुठीचे तांदूळ

लग्न होऊन मी मुलुंडला आले तेव्हा मला सगळं येत होतं. पायपेटी येत होती, शब्बाथ शाळा घेता येत होती, टेबलक्लॉथवर क्रोशाची कड विणता येत होती, आणि मिशनच्या बोर्डिंगात वाढल्यामुळे दुसऱ्याच्या चुका तर फारच छान काढता येत होत्या. आमचे हे तिथल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पाळक, म्हणून मी पाळकीणबाई. कोणी ‘पाळकीणबाई’ म्हणून हाक मारली की मी पहिल्या हाकेला वळायचीच नाही. दुसऱ्यांदा ऐकायला मिळावं म्हणून. वय विचाराल तर जेमतेम वीस. पदर मात्र चाळिशीतल्या बाईसारखा घ्यायची.

चाळीत आम्हाला दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत सकाळपासून मंडळीतली माणसं: कोणाचा नवरा पिऊन आला, कोणाच्या पोराचा बाप्तिस्मा, कोणाला कारखान्यात चिकटायला दाखला हवा. आतल्या खोलीत मी, स्टोव्ह आणि माझी मतं. आमचं देऊळ म्हणजे भाड्याने घेतलेला प्राथमिक शाळेचा वर्ग. बाकं लहान मुलांची. नर्सबाई, फिटर, मास्तर, सगळी मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसायची, आणि हे फळ्यावरच्या नवाच्या पाढ्यासमोर उभे राहून उपदेश करायचे.

आमच्या मंडळीत मुठीचं दान असायचं. रोज भाताला तांदूळ घेताना घरातली बाई त्यातली एक मूठ देवाची म्हणून वेगळी काढायची. आठवडाभराच्या मुठी पिशवीत घालून रविवारी आणायच्या, उपासना संपली की एकेकीने पुढे जाऊन टेबलाजवळच्या पत्र्याच्या डब्यात ओतायच्या. तो डबा मग ज्याच्या घरी गरज असेल त्याच्याकडे जायचा. तेव्हा तांदूळ रेशनवर, त्यामुळे त्या मुठीला किंमत होती. कोणाचा कोलम, कोणाचा रेशनचा जाडा, कोकणातल्या बाईचा गावाहून आलेला उकडा, सगळं एकत्र. शिजवला की अर्धा गिचका आणि अर्धा कच्चा.

माझ्याआधी त्या डब्यापाशी कोणी उभं राहत नसे. डबा होता, बायका होत्या, काम चाललं होतं. पण शिकलेल्या माणसाला चालू कामात हात घातल्याशिवाय चैन पडत नाही. मी टेबलाशेजारी उभी राहू लागले. प्रत्येकीकडे बघून हसायचं, ‘देव बरं करो’ म्हणायचं आणि कोणाची पिशवी किती भरलीय ते डोळ्यांनी जोखायचं.

त्या वर्षी डबा आजींकडे जायचा. आजी म्हणजे आमच्याच चाळीत जिन्याखालच्या खोलीत राहणारी म्हातारी बायबलबाई. उभी हयात नगरकडच्या खेड्यांत दारोदार जाऊन बायकांना वचनं वाचून दाखवण्यात गेलेली. आता डोळे गेले होते आणि काम सुटलं होतं. गरीब गाय वगैरे मुळीच नव्हत्या हं. मिश्री लावायच्या, यांच्या उपदेशात मोठ्याने जांभई द्यायच्या, आणि माझ्या पायपेटीबद्दल सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, ‘‘वाजवती चांगलं, पर गाण्याला पुढं जाऊ दे की गं.’’ ते माझ्या मनात होतं. नव्हतं असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आले, पण होतं.

त्या रविवारी सकाळी मी शब्बाथ शाळेत मुलांना गरीब विधवेने जवळ होतं तेवढं सगळं, दोन टोल्या, दानपेटीत टाकल्याची गोष्ट सांगितली होती. चित्रं दाखवून. विधवेच्या वाटचं बोलताना आवाजही कापरा केला होता. आणि तासाभराने बायकांच्या रांगेत आजी आल्या, हातात फडक्याची पुरचुंडी. चाचपडत त्यांनी डब्याची कड शोधली.

मी म्हटलं, ‘‘अहो आजी, तुमचेच तांदूळ तुम्हालाच परत! उगाच कशाला दोन खेपा? राहू द्या घरात.’’

आणि पुरचुंडी उचलून त्यांच्या हातात दिली. पाठ थोपटल्यासारखं केलं. माझ्या मते हे प्रेमळ होतं, विनोदी होतं आणि व्यवहारी होतं. बायका हसल्या. कोणी वाईट मनाने हसलं नाही. पाळकीणबाई विनोद करतात तेव्हा हसायचं असतं. आजीही हसल्यासारख्या झाल्या. फडक्याची गाठ पुन्हा बांधली आणि बाकावर जाऊन बसल्या.

संध्याकाळी हे डबा घेऊन जिन्याखाली गेले आणि तसाच डबा घेऊन परत आले.

‘‘नको म्हणाल्या,’’ हे म्हणाले. ‘‘भरलंय म्हणे घरात.’’

‘‘काय भरलंय? मिश्रीचा डबा?’’

यांनी माझ्याकडे पाहिलं. हे कधी रागवायचे नाहीत, ती एक शिक्षाच होती. ‘‘पुतण्याकडे जाते म्हणाल्या. कोणाला तरी सांगून तिकीट काढून द्या म्हणाल्या.’’

पुतण्या कसा होता ते सगळ्या मंडळीला ठाऊक होतं. मागच्या खेपेला त्याच्या बायकोने आजींची वळकटी गोठ्यात टाकली होती. आंधळ्या बाईला म्हशींच्या पायाशी. तिथून मंडळीनेच त्यांना परत आणलं होतं. मी स्टोव्हला पंप मारत बसले. खूप पंप मारला.

आता सरळ उठावं, जिना उतरावं आणि ‘आजी, चुकले’ म्हणावं, की नाही? पण ते मला येत नव्हतं. सगळं येत होतं, तेवढं सोडून. मी युक्ती काढली. शेजारच्या काकूंना मधे घातलं. त्यांचे यजमान फोर्टात हापिसात होते, घर देवाधर्माचं, आजींशी त्यांची गट्टी. डब्यातले तांदूळ मी शेरभर काढले, काकूंच्या पातेलीत घातले आणि म्हटलं, ‘‘तुमचे म्हणून द्या ना.’’

काकू पातेली घेऊन गेल्या तशा आल्या.

‘‘वाट लावलीस गं माझी! त्यांनी मूठभर हातात घेतले, चोळले आणि म्हणाल्या, काकू, तुमच्या घरी कधीपासून कोलमात उकडा मिसळायला लागले?’’

हे पोरालाही कळलं असतं. डोळ्यांची गरजच नव्हती. मला मेलीला सुचलं नाही.

‘‘मग?’’

‘‘मग काय! म्हणाल्या, यात सगळी मंडळी आहे, मी सोडून. परत न्या.’’

काकूंनी पातेली माझ्या ओट्यावर ठेवली. त्यांनी काही विचारलं नाही. चाळीत काही विचारावं लागतच नाही, आदल्या दिवशीच कळलेलं असतं.

पुढचे दिवस मी आजींच्या खोलीवरून पाय न वाजवता जायची. आत चूल पेटलेली दिसायची नाही. काकू कधी भाकरी द्यायच्या ती घ्यायच्या, कारण काकूंना त्या बदल्यात लसूण सोलून द्यायच्या. माझ्याकडचं काही नाही. रविवारी त्या उपासनेला यायच्या, पण बायका पुढे निघाल्या की बाकावरच बसून राहायच्या, हात मांडीवर. मी डब्यापाशी उभी. ‘देव बरं करो’ म्हणताना बाकांकडे बघायचं टाळायची. तिकडे तिकिटाची गोष्ट पक्की होत चालली होती. यांनी दोनदा टाळलं, तिसऱ्यांदा टाळता येणार नव्हतं.

अशात नवरात्र आलं. मंगळवारी सकाळी काकू नवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून निघालेल्या, हातात परडी.

‘‘कुठे हो काकू?’’

‘‘जोगवा मागायला.’’

‘‘तुम्ही?’’ मी चाट पडले. हापिसातल्या साहेबांची बायको, घरात रेडिओ असलेली, दारोदार तांदूळ मागणार?

‘‘मग कोण मागणार? पाच घरी मागायचा असतो बाई. घरात कोठी भरलेली असली तरी मागायचा. आपणही कोणाच्या दारात उभं राहू शकतो, हे विसरू नये म्हणून असेल. मला काय ठाऊक, सासूने सांगितलं, मी करते.’’ आणि परडी सावरत त्या जिना उतरल्या.

मी दारात उभी राहिले. दूध उतू गेलं तरी उभी.

दुपारी मी खाली गेले. डोक्यावर पदर नाही, हातात डबा नाही. आजी वळकटीवर बसून चादरीची घडी घालत होत्या. बोचकं बांधून तयार.

‘‘सलाम, आजी.’’

‘‘सलाम. पाळकीणबाई का? या. देवाचं काही काढलंय काय?’’

‘‘नाही. तांदूळ मागायला आलेय.’’

‘‘काय मागायला?’’

‘‘मूठभर तांदूळ. आमच्या भाताला.’’

खोटं बोलले नाही. उणे आहेत असं म्हणाले नाही. नुसतं मागितलं. आजींनी हात पुढे करून माझा पदर चाचपला, म्हणजे मी खरंच तो पसरून उभी आहे का ते पाहिलं. पसरला होता. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते खूपच अवघड होतं.

कोपऱ्यातल्या डेचकीत त्यांनी हात घातला. नखं तळाला लागल्याचा आवाज आला. मूठ काढली, माझ्या पदरात सोडली आणि वर बोटांना चिकटलेले दाणेही झटकले.

‘‘आजी, मी त्या दिवशी...’’

‘‘जा, भात लाव. दुपार झाली.’’

रात्री यांच्या ताटात तो भात वाढला आणि कुठून आणला ते सांगितलं. हे भात संपवून म्हणाले, ‘‘कल्पना चांगली. पण जोगव्यावरून सुचली हे मंडळीत सांगू नकोस.’’

आजी गेल्या नाहीत. डबाही पुन्हा घेऊ लागल्या. दर शनिवारी जिन्याचा कठडा धरत वर यायच्या, आणि एक मूठ माझ्या घरच्या तांदळाच्या डब्यात टाकायच्या. माझ्या. देवळातल्या नाही. रविवारी मात्र बाकावर बसून राहायच्या, हात मांडीवर. एकदा मी धीर करून म्हटलं, ‘‘आजी, ही मूठ उद्या तिकडे टाका ना. सगळ्यांबरोबर.’’

‘‘तिथं तू उभी असतीस,’’ त्या म्हणाल्या. रागाने नाही. ऊन पडलंय म्हणावं तसं.

तरी मी पुढचे काही रविवार उभीच राहिले. एकदम हटले तर लोक काय म्हणतील, म्हणून. असली मी. मग थोरल्याच्या वेळेला दिवस भरले आणि मी घरी राहिले. उपासनेहून आल्या आल्या यांना चहा लागायचा तशी मला बातमी लागायची. नर्सबाई बाळाला बघायला आल्या तेव्हा विचारलंच, काय झालं आज?

‘‘काही नाही. हो, आजी उठल्या. सगळ्यांत आधी पुढे गेल्या आणि पुरचुंडी ओतली डब्यात. बरं वाटलं बघून.’’

मलाही बरं वाटायला हवं होतं. मी बाळाचं टोपडं नीट करत बसले.

त्यानंतर मी डब्यापाशी कधी उभी राहिले नाही. सगळ्यांत मागच्या बाकावर बसायची, गुडघे छातीशी घेऊन. ती मंडळी आता मोठी झाली, स्वतःचं देऊळ झालं, डबा जाऊन मखमलीची पिशवी आली. पण दान गोळा व्हायला लागलं की मी अजून मान खाली घालते, कोण काय टाकतं ते दिसू नये म्हणून. सुनेला वाटतं, आई प्रार्थना करतायत. वाटू दे.