तिने आठ सांगितले होते

ज्या घरात मला अक्षरओळख झाली, तिथे पुस्तकं फारशी नव्हती. पत्रकं होती. बाबा बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात होते. कारखाना बंद पडला, पण त्यांची पत्रकं बंद पडली नाहीत. पत्रक एकाच बाजूने छापायचं असा त्यांचा नियम होता, कारण मागची कोरी बाजू मला गणितं करायला लागायची. ‘जाहीर निषेध’ हे दोन शब्द मी ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांच्याआधी वाचले. जगात दोनच प्रकारची वाक्यं असतात, खरी आणि विकत घेतलेली, हे बाबांचं म्हणणं मी पाढ्यासारखं पाठ केलं होतं.

एवढ्या शिदोरीवर मी गेल्या वर्षी सर्वेक्षणाच्या कामाला लागले.

काम देणारी संस्था वाशीला होती. एखादा देश किती श्रीमंत झाला आणि त्यातली माणसं रोजच्या जगण्यात किती सुखात आहेत, हे काही देशांमध्ये तेच प्रश्न विचारून ताडून बघायचं होतं. आम्हाला शिकवणारा सुपरवायझर माझ्याहून तीन-चार वर्षांनीच मोठा असेल.

“प्रश्नातला एक शब्द इकडचा तिकडे नाही करायचा,” तो म्हणाला. “बर्फाच्या देशातल्या बाईला जे विचारतात, तेच करंजाड्याच्या बाईला. चेहरा पण सेम. सांत्वन नाही, शाबासकी नाही.”

“आणि कोणी रडायला लागलं तर?” मी विचारलं.

“पाणी द्यायचं. थांबायचं. पुढचा प्रश्न.”

सगळे हसले. मीही हसले.

टॅबसोबत आम्हाला एक कार्ड दिलं होतं. त्यावर दहा पायऱ्यांचा जिना काढलेला होता. सगळ्यात वर तुमच्या मनातलं चांगल्यात चांगलं आयुष्य, सगळ्यात खाली वाईटात वाईट. आज तुम्ही कितव्या पायरीवर उभे आहात, असं विचारायचं आणि आकडा टॅबमध्ये भरायचा.

पहिले काही दिवस मी खांदेश्वरच्या सोसायट्यांमध्ये फिरले. चौदाव्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी मला सरबत दिलं, कार्डाकडे नीट बघितलं आणि ‘चार’ म्हणाले. समोर नवा टॉवर उठल्यामुळे त्यांना डोंगर दिसेनासा झाला होता. मुलगा अभ्यास करत नव्हता, झोप लागत नव्हती. मी चार भरले. खाली उतरताना मला त्यांचा राग आला, आणि रस्त्यावर आल्यावर समोरच एक फलक दिसला, आपली अर्थव्यवस्था जगात कुठल्या कुठे पोचली म्हणून सगळ्यांचं अभिनंदन करणारा. आता वाटतं, तो माणूस निदान खरं बोलला. चार म्हणायची त्याला भीती नव्हती. त्याच्या चारमुळे कोणाच्या घरात भांडण होणार नव्हतं.

मग खाडीकाठचा कोळीवाडा आला, आणि तिथे घरामागून घर मला आठ मिळू लागले. ज्यांच्या खाडीत विमानतळासाठी भराव पडला, ज्यांच्या होड्या चिखलात उपड्या पडल्या आहेत, ती माणसं आठ सांगत होती, एकदोघं तर नऊ. “बरा हाय,” म्हणायची आणि चहा टाकायला आत जायची. प्रत्येक आठ भरताना मला वाटायचं की मी एका खोट्या कागदावर सही करते आहे. हे आठ कुठेतरी लांब जाणार. तिथे कोणीतरी म्हणणार, बघा, गरीब आहेत पण समाधानी आहेत, त्यांची संस्कृतीच तशी आहे. त्यावर एक छानसा आलेख निघणार.

मावशी मला भेटली ती अशा मनःस्थितीत.

ती ओट्यावर पाय पसरून बसली होती. सत्तरीची असेल. मागे भिंतीला तिच्या नवऱ्याचं जुनं जाळं बांधलेलं होतं आणि त्यावर दुधीचा वेल चढवला होता. बर्फाच्या गाडीतून बाहेरगावचा मासा येतो, तो पाटीत घेऊन ती एका सोसायटीच्या गेटबाहेर विकायला बसायची. फुटपाथ मोकळा करायची गाडी आली की पाटी उचलून पळायची.

“आणि तुमच्या खाडीचा मासा?” मी विचारलं. हा प्रश्न टॅबमध्ये नव्हता.

“खारीत हात घाल,” ती म्हणाली. “बोटातली आंगठी काली परते का नाय बघ.”

डोक्यावरून विमान गेलं. तिने हात वर केला. “थांब, त्याला जाऊंदे.” आवाज विरल्यावर वर बघत म्हणाली, “त्यात बसलेली मानसा किती सांगतान ग?”

“त्यांना अजून विचारलं नाही.”

“आधी त्यांना इचार. मंग आमचा लिव.”

मी कार्ड पुढे केलं. तिने ते डोळ्यांपासून लांब धरलं.

“ही बंदराची पायरी का?”

“समजा तसंच.”

“भरतीची का सुकतीची? भरतीला खालच्या पायऱ्या दिसत नाय.” मग माझा चेहरा बघून हसली. “लिव आठ.”

“आठ का?”

“दहा सांगितला तं नजर लागंल. पाच सांगितला तं सून म्हनंल, मी काय तुना उपाशी ठेवतय? आठ बरा.”

हे तिने मला इतक्या स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. मी ऐकलं आणि मला त्यात फक्त भीती ऐकू आली.

अडचणीत हक्काने हाक मारावी असं कोण आहे, या प्रश्नाला ती पटकन म्हणाली, “सून हाय ना.” गेल्या महिन्यात पोटभर जेवण मिळालं नाही असं कधी झालं का, याला म्हणाली, “नाय.” तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. तिच्या हातात कोरा चहा होता. मी पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढून दिला, तर तिने तो नातीसाठी पदराखाली सरकवला.

“जेवलात का?” मी विचारलं.

“आता नाय. रातच्याला जेवन.”

मी सगळी उत्तरं पुरी केली, फोन नंबर विचारला. तिच्याकडे फोन नव्हता, म्हणून आत वाकून तिने सुनेकडून तिचा नंबर विचारून घेतला. मग मी रिक्षास्टँडवर येऊन उभी राहिले आणि टॅब पुन्हा उघडला. आठ पुसले. दोन भरले. जेवणाच्या प्रश्नापुढे ‘नाही’ होतं, तिथे ‘काही वेळा’ केलं. फार दिवसांनी एखादं खरं वाक्य लिहिल्यासारखं वाटलं.

घरी बाबांना सांगितलं. ते ताटावरून उठले, हात धुतले आणि म्हणाले, “योग्य केलंस.” त्यांनी इतक्या सरळपणे माझं कौतुक यापूर्वी कधी केलं नव्हतं.

दहा-बारा दिवसांनी सुपरवायझरने मला बोलावलं.

“तुझा एक फॉर्म उडवलाय,” तो म्हणाला. “चेकिंगला फोन केला होता. थोड्या घरांना करतो आपण, तेच दोन-तीन प्रश्न परत विचारायला. फोन सुनेने उचलला. आमच्या फोनवाल्या पोरीला तिने असली धुतली ना!”

“सुनेला का विचारलं?”

“म्हातारी घरी नव्हती. आणि ही नवीन पोरगी, बोलून गेली यार. तुमच्या सासूबाई म्हणाल्या की कधी कधी पोटभर मिळत नाही, बरोबर आहे का?”

“आता?”

“आता काय? बदली घर घ्यायचं, शेजारचं. टेन्शन नको घेऊ, सरासरीला घंटा फरक पडत नाही.”

“तिने आठ सांगितले होते,” मी म्हणाले.

“मग आठ लिहायचे ना. कविता कशाला केलीस?”

त्याने मला कामावरून काढलं. ते बरोबरच होतं. तिचे आठ गेले, माझे दोनही गेले आणि त्या जागी शेजारच्या घराचा कुठलातरी आकडा बसला.

मी तशीच कोळीवाड्यात गेले. ओट्यावर एका कोपऱ्यात एका बर्नरची शेगडी होती, दोन पातेली, एक ताट. मागच्या वेळी यातलं काही नव्हतं. मावशी भाताला पाणी घालत होती. मला बघून तिने फक्त सरकून जागा केली.

सून दारात आली. चाळिशीतली, हाताला पीठ. तिने मला ओळखलं.

“तू ना ती? ये, बघ. आता नीट लिव. सासू भायेर शिजवते, सून आत शिजवते. लिव.”

“वहिनी, त्या तसं काही म्हणाल्या नव्हत्या,” मी म्हणाले. “त्या म्हणाल्या, आठ. जेवायला मिळतं म्हणाल्या. अडचणीला सून आहे म्हणाल्या. त्यातला आकडा आणि जेवणाचं उत्तर मी बदललं. माझ्या मनाने.”

“तुझ्या मनानं?”

“हो.”

“कशाला?”

मला वाटलं होतं की या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. खाडीचं, भरावाचं, फलकावरच्या अर्थव्यवस्थेचं, बर्फातल्या देशात निघणाऱ्या आलेखाचं. मी बोलायला लागले आणि दोन वाक्यांत थांबले.

“तुना काय मिलाला त्याचा?” तिने विचारलं.

“काही नाही. नोकरी गेली.”

“मंग?” ती हसली, पण ते हसू वाईट होतं. “काय मिलाल्याशिवाय कोन खोटा लिवतं? शिकलेली पोरगी, कंपनीचा कारड गल्यात, ती आपल्या मनानं लिवंल का? या म्हातारीनं तुना बोलावून घेतला आज. तिची बाजू सांभालायला आलीस. चांगली हायस तू. पन मना येडी समजू नको.”

मी शपथ घ्यायला लागले. मी शपथ कधी घेत नाही. आमच्या घरात कोणी घेत नाही.

“त्या दिशी संकष्टी होती,” ती म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता, आणि ते जास्त कठीण होतं. “दुपारभर मोदकांचा पीठ मीच मलत होती. चंद्र बघून पयला मोदक मी हिच्या ताटात वाढला. वीस वर्सा हिला वाढल्याशिवाय मी घास घेतला नाय. आनि त्याच दुपारी ही परक्याला सांगते, मना जेवाला नाय.”

संकष्टी. कोरा चहा, नातीसाठी ठेवलेला पुडा, रातच्याला जेवन. आमच्या घरात उपास कोणी केला नाही. उपासांच्या विरोधात मात्र एक पत्रक मला अजून तोंडपाठ आहे. रिकामं पोट दिसलं आणि मी त्याला एकच नाव दिलं. विचारायला हवं होतं, आज का नाही जेवलात? एवढा एक प्रश्न. कुठल्याही देशातल्या कुठल्याही बाईला विचारता आला असता.

खाडी मेली आहे, हे खरं आहे. पाटी घेऊन सत्तरीची बाई फुटपाथवरून पळते, हे खरं आहे. यातला एकही शब्द मी मागे घेणार नाही. पण या सगळ्यात तिच्याकडे जी एक गोष्ट शाबूत होती, जिच्यासाठी ती पाच म्हणाली नाही, ती कुठल्या बिल्डरने नेली नाही, विमानतळाने नेली नाही. ती मी नेली.

“जाऊंदे पोरी,” मावशी पहिल्यांदा बोलली. “जेवलीस का?”

मी ‘हो’ म्हणाले. तिला खोटं कळलं. तिने तिच्या एकुलत्या ताटात भात आणि बोंबलाचं कालवण वाढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. सुनेने आतून पाण्याचा तांब्या आणला, पाहुणी म्हणून माझ्यापुढे ठेवला आणि सासूकडे न बघता आत गेली. आतल्या कुकरची शिट्टी झाली. मी जेवले. प्रत्येक घास गिळताना डोळे भरून येत होते आणि मी ते कालवणाच्या तिखटावर ढकलत होते.

निघताना मी मावशीच्या पायांना हात लावला. ती काहीतरी बोलू लागली, तेवढ्यात विमान आलं. या वेळी तिने हात वर केला नाही, ‘थांब’ म्हणाली नाही. विमान डोक्यावर असताना तिचे ओठ हलत राहिले आणि मला एक शब्दही ऐकू आला नाही.

“काय म्हणालात मावशी?” आवाज गेल्यावर मी विचारलं.

ती शेगडीवरचं पातेलं उतरवत होती.

“काय नाय,” ती म्हणाली. “बरा हाय.”