टाळू नको, जीभ द्या

माझ्या वहिनीचं नाव उलबोसिन. म्हणजे ‘मुलगा होऊ दे’. घरात चौथीही मुलगीच झाली म्हणून तिच्या आजोबांनी हे नाव ठेवलं. पाचवीही मुलगीच झाली. “पहिल्याच कामात मी नापास,” वहिनी सांगते. “तेव्हापासून लोकांनी नेमून दिलेली कामं करायचं मी सोडूनच दिलं.”

सुनेनं सासरच्या माणसांची नावं घ्यायची नाहीत, टोपणनावं ठेवायची, अशी आमच्याकडे रीत आहे. मला ती ‘लाडूबाई’ म्हणते. ही रीत वहिनी अगदी आनंदानं पाळते, कारण त्या रीतीत टोमणा मारायची सोय आहे.

वहिनी डॉक्टर आहे, तराझ शहराजवळच्या आमच्या गावातल्या दवाखान्यात. तिच्याकडे तरुण सुना यायच्या. पांढऱ्याफटक, जिना चढला की धापा टाकणाऱ्या. रक्त तपासलं की हिमोग्लोबिन कमी. लोहाच्या गोळ्या द्यायच्या, काही महिन्यांनी तीच बाई पुन्हा दारात. इतर डॉक्टर विचारायचे, “काय खातेस?” सून म्हणायची, “सगळं खाते.” ते खोटं नव्हतं. घरात मटण शिजतंच, दस्तरखान म्हणजे जेवणाची चादर रोज अंथरली जातेच. वहिनीनं प्रश्न बदलला.

“तू जेवायला बसतेस तेव्हा दस्तरखानाभोवती कोण असतं?”

“कुणी नाही.”

“आणि ताटात काय असतं?”

यावर सुना हसायच्या. ताटात असायची हाडं, रस्सा, गार झालेल्या, उकडलेल्या कणकेच्या पट्ट्या. बरोबर समोवारातला कडक चहा, प्याल्यावर प्याला. आणि चहा तर अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही.

म्हणून वहिनीनं सार्वजनिक आरोग्यात पीएचडीसाठी अर्ज करायचं ठरवलं. विषय असा: घरात जेवणाचा क्रम आणि सुनांच्या रक्तातलं लोह. घराघरात जायचं, कुणाच्या ताटात काय पडतं ते वजन करून पाहायचं आणि सगळ्यांचं रक्त तपासायचं. मी संगणकाची पदवीधर, तेव्हा किती घरं घेतली तर निष्कर्ष खात्रीचा ठरेल ते गणित मी मांडून दिलं. माझा दादा रेल्वेत गार्ड आहे. तो म्हणाला, “कर की. फक्त आईला तू सांग.”

आईला सांगितलं. आईनं हातातलं लाटणं खाली ठेवलं.

“म्हणजे आम्ही सासवा सुनांना उपाशी मारतो, असं छापणार तू?”

“मारता असं नाही, आई. उरलेलं देता.”

“मी काय वेगळं खाल्लं? मीही तेच खाल्लं. मेले का मी?”

“मेला नाहीत. पण प्रत्येक बाळंतपणात दवाखान्यात रक्त चढवून घेतलंत. तुमची फाईल मीच पाहिली आहे.”

“आणि पहिलं घर आमचंच मोजशील! गावभर शोभा!” आई म्हणाली, आणि पुन्हा लाटायला लागली. त्या दिवशीच्या पट्ट्या कागदासारख्या पातळ झाल्या होत्या.

अर्जाला एक मार्गदर्शक लागतो. त्याची लेखी संमती नसेल तर अर्ज पुढे सरकतच नाही. आमच्या भागात या विषयाचे एकच प्राध्यापक, ओराझाली मामा. आईचे चुलतभाऊ. वहिनीनं आराखडा पाठवला. मामांचं उत्तर आलं: कल्पना छान, पण विषय असा घे, ‘सुना लोहाच्या गोळ्या नियमित का घेत नाहीत’. मग लगेच सही करतो.

“म्हणजे पुन्हा चूक सुनेचीच,” वहिनी म्हणाली. “बघितलंस लाडूबाई? गोळी विसरली तर तिची चूक. मटण तिला द्यायचं विसरले, ती मात्र परंपरा.”

मुदत संपत आली होती. तेवढ्यात मामा एका लग्नासाठी गावी येणार असं कळलं. आईनं लगेच मेंढा कापायला लावला. भावाचं पोट भरलं की तो सही करील आणि पाहुण्यासमोर सून नमतं घेईल, असा तिचा दुहेरी हिशेब.

मामा आले. आईनं शिजवलेल्या मुंडीचं तोंड त्यांच्याकडे करून ताट पुढं ठेवलं; मुंडीचे वाटे मानाच्या पाहुण्यानं करायचे असतात. वहिनी दाराजवळ समोवारापाशी बसली होती, तिच्या नेहमीच्या जागी. मामांनी सुरी घेतली, आधी उजव्या गालाचा तुकडा काढला, मग कान कापून माझ्या हातावर ठेवला.

“घे. वडीलधाऱ्यांचं ऐकत जा.”

“मामा, सव्वीस वर्षांची झाले मी.”

“तरी ऐकत नाहीस, म्हणजे मागचे कान वाया गेले!” सगळे हसले. मीही खाल्ला.

मग त्यांनी तोंडाच्या आतली टाळू सोडवली आणि दाराकडे पाठवली. “ही सुनबाईला. हाताला गुण येऊ दे.” जीभ ताटातच राहिली. आमच्याकडे बायकांना जीभ देत नाहीत. त्या बोलघेवड्या होतात म्हणतात.

चहा फिरला. मामांनी विषय काढला.

“उलबोसिन, तू हुशार आहेस. पण पाहुण्याला आधी, थोरांना आधी, हा आपला मान आहे. मान तराजूत घालायचा नसतो.”

“मान नाही मोजत मी, मामा. मांस मोजतेय.”

“बाहेरचे वाचतील. काय म्हणतील आपल्याला?”

“आतल्यांना चक्कर येतेय, त्याचं काय?”

“हे बघ,” मामांनी खिशातून पेन काढलं, “कागद आण. गोळ्यांचा विषय लिही, आत्ता सही करतो. मुलाखतीच्या समितीत मी आहेच. तुझी जागा पक्की.”

आई माझ्याकडे बघत होती, म्हणजे वहिनीला सांग अशा नजरेनं. वहिनी उठली. ती कागद आणायला निघाली असं सगळ्यांना वाटलं. ती सरळ आली आणि दस्तरखानाशी, मामांच्या समोर, बसली. टाळूची बशी तिनं मामांपुढं ठेवली.

“टाळू नको, मामा. जीभ द्या.”

मामा आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण एकटेच हसतोय.

“सुनेला जीभ? अगं, तुला आधीच काही कमी आहे का?”

“कमी नाही. पण तुम्ही वाटताय, तर माझा वाटा सांगून घेते.”

“असं?” त्यांनी पेनाचं टोपण लावलं. “मग ठरव. जीभ किंवा सही.”

आई पुटपुटली, “सुनबाई, ऊठ.”

वहिनी उठली नाही. तिनं सुरी घेतली, जिभेचं जाड साल सोलून काढलं आणि तुकडे केले. सावकाश, एकेक तुकडा चावून, सगळी जीभ खाल्ली. जीभ संपेपर्यंत कुणीही चहा मागितला नाही. मागणार तरी कुणाकडे? समोवारापाशी कुणी नव्हतंच.

मामा सही न करता गेले. आई त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली आणि परत आल्यावर वहिनीशी बोलणं बंद. “माझ्या माहेरच्या माणसाचा अपमान,” हे तिनं मला सांगितलं, मोठ्यानं, वहिनीला ऐकू जाईल असं. वहिनीनं अर्ज मार्गदर्शकाची जागा रिकामी ठेवून पाठवला. तो परत आला. ते वर्ष गेलं.

पण वहिनी आता दस्तरखानाशीच जेवायला बसायची. सगळ्यांबरोबर, गरम असताना. चहा मी ओतू लागले. आई मात्र आपली बशी स्वयंपाकघरातच घेऊन जायची. हट्ट आमच्या घरात सासू-सुनेत सारखाच वाटलेला आहे.

पुढच्या वसंतात एका दुपारी आई कणीक मळत होती. मळता मळता थांबली आणि वहिनीला म्हणाली,

“कशी लागते गं?”

“काय, आई?”

“जीभ. इतक्या मुंड्या शिजवल्या जन्मभर. मी कधी खाल्ली नाही.”

वहिनी म्हणाली, “मऊ असते. मीठ जरा कमी पडलं होतं.”

“मीठ बरोबर होतं,” आई ठसक्यात म्हणाली. “तुझ्या तोंडाला चव नव्हती.” आणि पुन्हा मळायला लागली. थोड्या वेळानं, मान वर न करता: “अर्ज पुन्हा पाठवशील तेव्हा पहिलं घर आपलं लिही. आधी माझं रक्त घे.”

वहिनीनं एक शब्दही न बदलता तोच आराखडा सेमेय शहरातल्या एका प्राध्यापक बाईंना पाठवला. त्यांचा फोन आला. त्या म्हणाल्या, “मी मार्गदर्शक व्हायला तयार आहे, संमती आजच पाठवते. पण मुलाखतीच्या समितीत ओराझाली बसणार आहेत. ते तुम्हाला सोडणार नाहीत.”

“बसू देत,” वहिनी म्हणाली. “मी तोंड उघडलं की काय होतं, ते त्यांनी पाहिलंय.”

अर्ज या सोमवारी स्वीकारला गेला. मुलाखतीला तिच्याबरोबर आई जाणार आहे. डब्यात काय न्यायचं ते तिनं ठरवलंय आणि खाटकाला मुंडी सांगून ठेवली आहे.