टिकलीचं बटण

आमच्या घरात एक जपानी बाई बोलते, हे नल्लकुंट्याच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. वॉचमनसुद्धा जिन्यात अडवून विचारायचा, "मॅडम, वो जपान वाली अम्मा कैसी है?" आणि मी हसून पुढे जायची. त्या बाईच्या बाबतीत मी काय केलं, ते मात्र कुणाला ठाऊक नाही. मैत्रिणींना नाही, शेजारपाजाऱ्यांना नाही. देवासमोर बसतानासुद्धा मी ते मनात उघड्या शब्दांत कधी म्हटलं नाही. आज तुम्हाला सांगतेय — का, ते विचारू नका, मलाही नीट माहीत नाही.

आधी माणसं सांगते. आई, मी आणि श्री, एवढंच आमचं घर. वडील आम्ही लहान असतानाच गेले. मी कुंदा, थोरली. लग्न केलं नाही, हिमायतनगरच्या एका शाळेत गणित शिकवते. तोंडानं फटकळ आहे, मुली मागे काय नावं ठेवतात तेही मला माहीत आहे. श्री, म्हणजे श्रीकांत, माझा धाकटा भाऊ. कॉम्प्युटर इंजिनियर. नोकरीसाठी जपानला गेला आणि तिकडचाच झाला. आणि आई, ऐंशी ओलांडलेली. काचबिंदूनं नजर बरीच गेलेली. समोरचं माणूस ओळखायची, पण अक्षर दिसायचं नाही. फोनवर तिला धड ऐकू येत नसे, आणि तोंड दिसल्याशिवाय बोलल्यासारखं वाटतही नसे.

म्हणून एका खेपेला श्री आपला जुना कॉम्प्युटर घेऊन आला. मोठा स्क्रीन, मोठे स्पीकर. पण आतलं सगळं जपानी — तिकडच्या लोकांसाठी तिकडेच विकलेलं. मेनू जपानी. घड्याळ तिकडचं, आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. कीबोर्डवर काड्या जुळवल्यासारखी अक्षरं. आणि ती बाई. काही झालं, अपडेट आलं, कॉल आला, की ती बोलायची. फार अदबीनं, खालच्या पट्टीत, आपल्याकडे हॉटेलात पाहुण्यांशी बोलतात ना, तसं. शब्द एक कळायचा नाही. फक्त श्रीचा कॉल असला की मध्येच त्याचं नाव यायचं — 'शुरीकान्तो-सान'. आई पहिल्यांदा ते ऐकून पदर तोंडाला लावून हसत राहिली होती.

मी श्रीला म्हटलं, अरे, हे इंग्रजीत करून दे ना. तो म्हणाला, होतं की, पण आईला इंग्रजी काय आणि जपानी काय, सारखंच. एक बटण कळलं की बास. तरी त्यानं मला दाखवून ठेवलं, भाषा कुठून बदलायची, कॉल कुठल्या बटणानं घेतात, कुठल्या बटणानं कापतात. मला सगळं येत होतं. हे आत्ताच सांगून टाकते, नंतर माझ्या मनात पळवाट नको.

मग त्यानं आरशावर लावलेली माझी एक टिकली काढली, लाल, मोठी, आणि उजवीकडच्या लांब बटणावर चिकटवली. "बाई बोलली की आई, बोटानं टिकली शोधायची आणि दाबायची. मी दिसतो."

आणि खरंच दिसायचा. तिकडे त्याचं ऑफिस सुटायचं तेव्हा इकडे भर दुपार. मी शाळेत. आई तोंड धुऊन, चांगलं लुगडं नेसून कॉम्प्युटरसमोर जाऊन बसायची. मी संध्याकाळी घरी आले की श्रीनं काय खाल्लं, श्रीनं कुठला स्वेटर घातला होता, हे सगळं मला ऐकावं लागायचं. मी काय खाल्लं — छे. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काही उगाच नाही.

एकदा शाळा अर्ध्या दिवसात सुटली. मी दार उघडून आत आले तर आई बोलत होती. तिनं मला ऐकलं नाही. श्रीला म्हणत होती, "कुंदाचं काय विचारतोस, ती आहेच घरात. तू दिसलास की मला घरात माणूस आल्यासारखं वाटतं बघ."

घरात माणूस आल्यासारखं. मी काय होते मग? तिची औषधं, तिचे डोळ्यांचे थेंब, तिचं न्हाणं-धुणं — हे सगळं कोण करत होतं, भूत? मी चपला काढल्या, स्वयंपाकघरात गेले, कुकर लावला. हे कारण म्हणून सांगत नाही. कारण म्हणून ते फार लहान आहे. पण त्या दिवशी मी चिडले होते, आणि चिडलेल्या माणसाचा हात कुठे जातो, ते त्याला कळत असतं. मला तरी पक्कं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्याआधी मी टिकली नखानं उचलली आणि डाव्या कोपऱ्यातल्या बटणावर चिकटवली. कॉल कापायच्या.

आईला सांगितलं, "श्रीनं कळवलंय, जपानहून काहीतरी नवं आलंय या मशीनमध्ये. आता इकडचं बटण दाबायचं." तिचा हात धरून दाखवलंसुद्धा. तिनं दोनदा बोट फिरवून पाहिलं आणि मान हलवली. तिला शंका कशी येणार? परदेशातलं यंत्र, परदेशातली बाई — त्यात काय बदलेल याचा नेम काय? आणि मी तिची मुलगी.

चार दिवस, असं मनाशी म्हटलं होतं. चार दिवस तिला कळू दे, घरात कोण आहे ते.

श्रीचा मला फोन आला. "कुंदे, आई कॉल कापते गं. रोज. काय झालंय?" मला तिथेच सांगता आलं असतं, अरे, बटण चुकत असेल, बघते. त्याऐवजी मी म्हटलं, तिला हल्ली बोलायचा कंटाळा येतो. तो म्हणाला, "माझ्यावर चिडली आहे का?" आणि मी — ऐका — मी म्हटलं, "असेल. येत नाहीस ना."

हे बोलताना मी भाजी निवडत होते.

चार दिवस कधीच उलटले, टिकली तिथंच राहिली. मग आईच म्हणू लागली, मशीन बिघडलंय, कुणाला तरी दाखव. मी हिमायतनगरच्या एका दुकानातून माणूस घेऊन आले. मुद्दाम आणला, कारण तो काय म्हणणार ते मला ठाऊक होतं. त्यानं स्क्रीन बघितला, कानाला हात लावला. "ये पूरा जपानी है मॅडम, हम हात नक्को लगाते." आईनं ते ऐकलं आणि पुन्हा कधी दुरुस्तीचं नाव काढलं नाही.

पण ती समोर बसायची थांबली नाही.

सुट्टीच्या दिवशी मी ते पाहिलं. दुपारी सगळं अपार्टमेंट झोपलेलं असतं, पंख्याचा तेवढा आवाज. बाई बोलली — शुरीकान्तो-सान. आईचं बोट टिकली शोधत गेलं, दाबलं. आवाज तुटला. आई तोंड पुढे करून थांबली, श्री दिसेल म्हणून. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. चार पावलं टाकायची होती फक्त. टाकली नाहीत. मग आई मागे टेकली आणि त्या बंद पडलेल्या कॉलला म्हणाली, "बरं, कामात असेल. तू सांग."

तेव्हापासून ती त्या बाईशी बोलायला लागली. श्रीला वेळ नसतो, म्हणून तो हिला पाठवतो, असं तिनं ठरवून टाकलं. गुडघ्याचं सांगायची, संक्रांतीला काय केलं ते सांगायची. मध्येच थांबायची, ऐकल्यासारखी मान डोलवायची, मग उत्तर द्यायची. स्पीकरमधून त्या वेळी काही येत नसायचं. मी खात्री करून घेतली होती. एकदा मी टेबलाजवळच्या खुर्चीत बसायला गेले तर म्हणाली, "तिथं नको. तिची आहे ती." मी हसले. पण पुन्हा त्या खुर्चीत बसले नाही. साधी प्लॅस्टिकची खुर्ची, बाल्कनीत ठेवायची.

मग आई मला बातम्या द्यायला लागली. श्रीनं घर बदललंय. श्रीकडे बर्फ पडलाय. मी मोबाईलवर बघितलं तर त्याच्या गावी बर्फ पडला होता. योगायोग असतो हो, मी गणिताची बाई आहे, मला योगायोग माहीत आहेत. घराचं मात्र मी त्याला विचारलं नाही. विचारायचं तर फोन करावा लागला असता, आणि फोन केला असता तर त्यानं आईचं विचारलं असतं. चोराच्या मनात चांदणं.

एका संध्याकाळी मी घरी आले तर आईनं दिवा लावला नव्हता. ती म्हणाली, "श्री बरा नाही."

"कुणी सांगितलं?"

"तिनं."

मी म्हटलं, आई, ती माणूस नाही. ते आधीच भरून ठेवलेलं बोलणं आहे, रोज तेच असतं, एका शब्दाचा फरक नाही. आई म्हणाली, "असेल. पण आज ती घाबरली होती."

मी दिवा लावला. त्याला फोन करावा असं वाटलं — खरंच वाटलं, हातात फोन घेतलाही. मग म्हटलं, रविवारी करू.

रविवारच्या आधी तिकडूनच फोन आला. श्रीच्या ऑफिसातला एक तमिळ मुलगा होता, रडत इंग्रजीत बोलत होता. श्रीला हृदयाचा त्रास झाला होता, बरेच दिवस तो हॉस्पिटलात होता, आम्हाला काळजी नको म्हणून कळवू देत नव्हता. गेला. तो मुलगा म्हणाला, पलंगावरून रोज आईला कॉल लावायचा. लागला की लगेच कापला जायचा. म्हणायचा, आई चिडली आहे माझ्यावर, मी गेलो नाही ना. बरा झालो की आधी घरी जाणार.

हेच ते. आई त्याच्यावर चिडली आहे, असं समजून माझा भाऊ गेला. आणि ते त्याला मी सांगितलं होतं. ज्या बोटानं त्याचा कॉल रोज कापला ते बोट आईचं होतं, आणि तेही मीच तिथं नेऊन ठेवलं होतं.

आईला सांगायला मी तिच्या पायाशी बसले. मी तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली, "हौ. ठाऊक आहे मला." मग बराच वेळ ती रडली, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तिला वाटलं असेल, मुलगी किती मायाळू आहे.

आता राहिलेलं सांगते. इथपर्यंतचं मी कधीमधी स्वतःशी तरी कबूल केलं होतं. हे ते नाही.

दिवसकार्य उरकलं होतं, मंडळी आपापल्या घरी गेली होती. कॉम्प्युटर चालूच होता. आई तो बंद करू देत नसे. ती आतल्या खोलीत पडली होती. मी बाहेर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. दुपार. आणि बाई बोलली.

मला आधी वाटलं, अपडेट असेल. मग तिनं नाव घेतलं. शुरीकान्तो-सान.

मी वळले. स्क्रीनवर त्याचा फोटो, गोल चौकटीत, नेहमीचा. खाली तो कॉलचा ठिपका धडधडत होता. ती पुन्हा बोलली, पुन्हा नाव घेतलं, त्याच अदबीनं. मी टेबलापाशी कशी गेले ते आठवत नाही. त्याचं सामान बांधायला कुणीतरी त्याचा कॉम्प्युटर उघडला असेल, चुकून हात लागला असेल, हे मला तेव्हाही सुचलं होतं. अगदी शक्य आहे. मी त्या तमिळ मुलाला विचारू शकले असते, नंतरही. कधी विचारलं नाही.

आणि दुसरं काही असेल तर? पलीकडे तो असेल तर? मग तो काय विचारणार होता, हे मला माहीत होतं. आई कुठाय, एवढंच. त्याचं उत्तर द्यायला आई दहा पावलांवर होती. मला फक्त तिला हाक मारायची होती आणि उजवीकडचं बटण दाबायचं होतं.

मी भ्याले. त्याला नाही, स्वतःचं पितळ उघडं पडण्याला भ्याले — मेलेल्या भावासमोरसुद्धा. मी टिकली दाबली. या वेळी बोट माझं होतं आणि काय दाबतेय हे मला माहीत होतं. आवाज तुटला. पंखा फिरत राहिला.

आतून आईनं विचारलं, "कुंदा, कोण होतं गं?"

"कोणी नाही, आई."

ती म्हणाली, "पुन्हा आला तर सांग त्याला, मी चिडलेली नाही."

श्रीला मी फोनवर काय सांगितलं होतं, त्या तमिळ मुलानं मला काय सांगितलं, यातलं एक अक्षर मी तिच्यापुढे काढलं नव्हतं. मी हातातल्या कपड्याची घडी घातली, दुसरा घेतला. त्यानंतर आई वर्षभर जगली. मी रोज तिच्या डोळ्यांत थेंब घालत होते, ती डोळे मिटून पडून राहायची, आणि मी तिला काही सांगितलं नाही.