दर अर्ध्या तासाचा फोन

शाळेच्या कचेरीत बसून यादी मीच टाइप केली होती, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कोणी सापडेना. आमच्या शाळेत बसने येणाऱ्या प्रत्येक मुलाला गावातलं एक ‘वादळघर’ नेमून दिलेलं असतं. अचानक बर्फाचं वादळ उठलं तर मुलानं घरी निघायचं नाही, तिथं मुक्काम करायचा. एका ओळीतलं घराचं नाव खालच्या ओळीत उतरवताना माझा हात असा काही सैल सुटला, की सात नंबरच्या बसची चौदाच्या चौदा मुलं आर्डिस टॉलेफसन या एकट्या बाईंच्या वाट्याला गेली. जानेवारीतल्या त्या मंगळवारी एक वाजता रेडिओ ओरडायला लागला, आणि दोन वाजता समोरची पाण्याची टाकी दिसेनाशी झाली. दुसरी घरं शोधायला रस्ताच उरला नव्हता. कपडे वाळत घालायची दोरी मुलांच्या हातात देऊन मी ती माळ रस्त्यापलीकडे बाईंच्या दारात आणली.

बाईंनी डोकी मोजली.

“दोन येणार होती ना रे, ऑरिन?”

“यादीत थोडी चूक झाली.”

“थोडी? नशीब, तुला कोणी औषधं द्यायला बसवलं नाही. बूट काढा रे सगळ्यांनी!”

बाईंनी एकतीस वर्षं गावच्या धान्यकोठारावर वजनकाटा सांभाळला. ट्रकवाले शेतकरी कितीही हातवारे करोत, काट्यापुढे त्यांनी कधी कुणाचं चालू दिलं नाही. चार वाजता वीज गेली. बाईंनी मागच्या खोल्या बंद केल्या, दारांच्या फटींत टॉवेल कोंबले, गाद्या स्वयंपाकघरातल्या लाकडाच्या चुलीभोवती ओढल्या आणि बटाटे नि कणकेच्या गोळ्यांचं सूप मोठ्या पातेल्यात चढवलं. मला म्हणाल्या, “तू फक्त लाकडं दे. बाकी कशाला हात लावू नकोस.”

फोन मात्र चालू होता. एकेका मुलानं घरी कळवलं, आईबापांचा जीव भांड्यात पडला. अडून बसला तो एकटा वर्लिन हाऊक. घर चौदा मैलांवर, आणि त्याची आठ वर्षांची ट्रिना इथे.

“निघालो मी तिला न्यायला. माझी गाडी कशातूनही जाते.”

“वर्लिन, माझा बापही असाच निघाला होता. मी वादळघरात उबदार गादीवर, आणि तो दोन दिवसांनी सापडला शेजाऱ्याच्या डुकरांत ऊब शोधत, गारठ्यानं पायाची दोन बोटं घालवून. तू आलास तर मी दार उघडणार नाही.”

“आर्डिसबाई, पोर माझी आहे!”

“म्हणूनच सांगते. तिला उद्याही बाप लागणार आहे. असं कर, दर अर्ध्या तासानं घरून फोन कर. ट्रिनानं पत्त्यांचे किती डाव मारले ते सांगत जाईन.”

मला वाटलं, बाई त्याचे लाड करतायत. मग डोक्यात उजेड पडला. ज्याला दर अर्ध्या तासाला घरच्या फोनपाशी हजर राहायचंय, तो चौदा मैलांची वाट धरणार कसा?

साडेचारला घंटी वाजली. “दोन डाव.” पाचला वाजली. “तीन. लबाडी करते हं, तुझ्यावर गेलीये.” साडेपाचला वाजली.

सहाला वाजली नाही.

सूप ढवळणारा बाईंचा हात थांबला. त्यांनी स्वतः फोन लावला. पलीकडे नुसतीच घंटी. ट्रिनानं पत्ते खाली ठेवले. बाई म्हणाल्या, “खेळ गं, तुझीच उतारी आहे.” पण आवाज नेहमीचा नव्हता.

सहा वाजून बारा मिनिटांनी फोन आला. वर्लिनला धाप लागली होती.

“गाडीत जाऊन बसलो होतो. माझ्याच गाडीचं बॉनेट मला दिसेना. कुंपण धरून परत आलो.”

“पाच डाव,” बाई म्हणाल्या. “साडेसहाला फोन कर.” रिसीव्हर ठेवून त्या खुर्चीत बसल्या. दिवसभरात पहिल्यांदाच.

सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं, आणि बर्फ खिडकीच्या चौकटीपर्यंत. बर्फ लोटणारं यंत्र आलं, त्याच्या मागोमाग वर्लिनची गाडी, आणि तिच्यामागे बाकीच्यांची वरातच. चौदा मुलं, अठ्ठावीस कान, पायाची एकशे चाळीस बोटं, सगळं शाबूत! कुणी केक आणला, कुणी डुकराची अख्खी तंगडी. वर्लिननं ट्रिनाला छातीशी धरलं, बाईंकडे न बघता फावडं उचललं आणि त्यांचं अंगण गवत दिसेपर्यंत उपसलं. बाई पायरीवर एप्रनमध्ये हात गुंडाळून उभ्या होत्या, किल्ला राखलेल्या किल्लेदारासारख्या.

गर्दी पांगल्यावर मी हळूच विचारलं, “आर्डिसबाई, तो खरंच आला असता, तर दार उघडलं नसतं तुम्ही?”

“त्या दाराला कडी आहेच कुठे?”